वाइन शॉपमध्ये वाइन कुठे आहे?

या मालिकेत आपण आजवर किल्ले, लढाया आणि तह यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर जातील. आज बोलायचंय स्वस्त वाइनबद्दल. तीही साधीसुधी नाही, तर किराणा दुकानात तांदूळ-साबणाच्या शेजारच्या फळीवर, त्या दुकानाच्या खास ब्रँडने मिळणाऱ्या वाइनबद्दल. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलांकडे जाऊन आलेल्या अनेकांनी ही बाटली पाहिली असेल. भाजीच्या पिशवीतून ती घरी येते, आणि कधीकधी एका कॉफीच्या किमतीत येते. मग आपल्याकडे द्राक्षं असून अशी बाटली का नाही? उत्तर शेतात सापडत नाही, ते इतिहासात सापडतं.

मी हे बोलतोय देवनहळ्ळीहून. फौजेतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं इथे स्थायिक झालो. इतिहासाची आवड असणाऱ्याला गाव ओळखीचं असेल. १७४९ मध्ये म्हैसूरच्या सैन्याने इथल्या किल्ल्याला वेढा दिला, आणि त्या वेढ्यात हैदर अली नावाचा शिपाई पहिल्यांदा नजरेत भरला. टिपूचा जन्मही इथलाच. १७९१ मध्ये किल्ला कॉर्नवॉलिसच्या फौजेकडे गेला. २००८ पासून मात्र देवनहळ्ळी म्हणजे बेंगळूरुचा विमानतळ. किल्ला आणि विमानतळ यांच्या मधे जी तांबडी माती आहे, तिचं पीक म्हणजे बेंगळूरु ब्लू. काळसर निळी, जाड सालीची, उग्र गोड वासाची ही द्राक्षं. २०१३ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. या जातीची खुबी अशी की या हवेत ती वर्षातून दोनदा फळते. आपल्या दख्खनला हे नवं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूतानेही दौलताबादच्या द्राक्षांबद्दल लिहिताना वर्षाला दोन बहर येतात अशी नोंद केली आहे.

ही द्राक्षं खायला येतात, रसाला जातात, आणि स्वस्त गोड वाइनलाही जातात. गोव्यात सुट्टीवर गेलेल्या मराठी माणसाने जी पोर्ट वाइन चाखलेली असते, तिच्यातही अनेकदा हीच द्राक्षं असतात. म्हणजे स्वस्त वाइनचा कच्चा माल माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. आणि याच परिसरात, नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी, १९८८ मध्ये कंवल ग्रोव्हर यांनी फ्रेंच जातीच्या द्राक्षांची वाइनरी उभी केली, म्हणजे महागाचा मालही इथेच आहे. मग मधली कडी कुठे तुटते?

त्यासाठी आधी जिथे ही कडी जुळली, तिथली गोष्ट पाहू. जर्मनीतल्या एसेन शहरात आल्ब्रेख्त कुटुंबाचं छोटं किराणा दुकान होतं. आई ते चालवायची. कार्ल आणि थिओ ही दोन मुलं दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात होती. युद्ध हरून परतली तेव्हा शहराचा ढिगारा झालेला. १९४६ मध्ये त्यांनी दुकान हातात घेतलं. माल थोडा, सजावट शून्य, खोकी उघडून तशीच मांडलेली. गरजेतून आलेली ही काटकसर पुढे त्यांचा धंद्याचा मंत्र झाली. १९६२ मध्ये 'आल्ब्रेख्त डिस्काउंट' या अर्थाने आल्डी हे नाव आलं. त्याआधीच, सिगारेटी विकाव्यात की नाही यावरून भावांनी दुकानांची उत्तर-दक्षिण वाटणी करून घेतली होती! उत्तरेकडच्या थिओने १९७९ मध्ये अमेरिकेतली ट्रेडर जोज ही साखळी घेतली.

आता दुसरा धागा. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात द्राक्षाची लागवड इतकी वाढली की शतक उलटताना वाइन टाक्यांत पडून राहू लागली. ब्रॉन्को या कंपनीचे फ्रेड फ्रान्झिया यांनी ती वाइन वापरून चार्ल्स शॉ नावाची बाटली बाजारात आणली. २००२ मध्ये ती फक्त ट्रेडर जोजच्या दुकानांत, १ डॉलर ९९ सेंटला मिळू लागली. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'टू बक चक'. म्हणजे दोन डॉलरवाला चक. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत याच दोन डॉलरच्या शार्डनेने सर्वोच्च बक्षीस पटकावलं, आणि महागड्या बाटल्यांचे मालक गप्प झाले.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. याच फ्रान्झिया यांना आणि त्यांच्या कंपनीला नव्वदच्या दशकात, हलकी द्राक्षं भारी जातीच्या नावाने खपवल्याबद्दल जबर दंड झाला होता. त्यातून घ्यायचा धडा साधा आहे. स्वस्त असणं हा दोष नाही, खोटं नाव हा दोष आहे. दुकान जेव्हा बाटलीची जबाबदारी आपल्या अंगावर घेतं, तेव्हा माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक उद्या तांदूळ घ्यायलाही येत नाही. स्वस्त बाटलीची खरी हमी हीच.

यातून तीन अटी निघतात. एक, भरपूर शिल्लक माल. दोन, किराण्याच्या दुकानात फळी. तीन, सगळीकडे चालणारं एकच लेबल. आता या तीन अटी आपल्याकडे लावून बघू.

पहिली अट आपण पुरी करतो. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, कर्नाटकाने २००७ मध्ये. नारायणगावला शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकातच इंडेजची फेसाळ वाइन परदेशी पाठवली होती. १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला सुला सुरू केली. विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क झाले. शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षं लावली. २००८-०९ च्या मंदीत मागणी घटली, माल तुंबला, इंडेज कोसळली आणि कित्येकांनी वेली उपटल्या. लक्षात घ्या, कॅलिफोर्नियात माल तुंबला तेव्हा दोन डॉलरची बाटली जन्माला आली. आपल्याकडे माल तुंबला तेव्हा बागेवर कुऱ्हाड पडली. फरक पुढच्या दोन अटींचा.

दुसरी अट, फळी. महाराष्ट्रात जिथे व्हिस्की, रम आणि बिअर मिळते त्या दुकानाला आपण म्हणतो वाइन शॉप. आत वाइन असते कोपऱ्यात, धूळ खात. बसून प्यायच्या जागेला म्हणतो परमिट रूम. हे दोन्ही शब्द इतिहासाने दिले आहेत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू हा सरकारी उत्पन्नाचा मामला झाला. स्वातंत्र्यलढ्यात दारूच्या गुत्त्यांसमोर निदर्शनं झाली, बायका-मुली पुढे होत्या. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचं उद्दिष्ट आलं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि पिणाऱ्याच्या हातात परमिट आलं. बंदी पुढे सैल झाली, पण दारू तांदळाच्या शेजारी बसू शकत नाही ही मनाची आणि कायद्याची घडण तशीच राहिली.

२७ जानेवारी २०२२ ला महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ती घडण हलवायचं ठरवलं. किमान १०० चौरस मीटरच्या सुपरमार्केटमध्ये, कुलूपबंद कपाटात, वर्षाला ५,००० रुपये शुल्क भरून वाइन विकता येईल असा निर्णय झाला. शाळा आणि देवळांजवळची दुकानं वगळली, वर्धा-गडचिरोलीसारखे दारूबंदीचे जिल्हे वगळले. सरकारने सांगितलं, हे शेतकऱ्यासाठी आहे. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारने लोकांच्या सूचना मागवल्या, उपोषण टळलं, पुढे सरकारच बदललं आणि ते कपाट काही आलं नाही.

अण्णांना झोडपणं शहरी माणसाला सोपं वाटतं. मला नाही वाटत. ते स्वतः फौजी. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर गाडी चालवत होते. राळेगणसिद्धीत दारूच्या भट्ट्या बंद झाल्यावर गाव उभं राहिलेलं त्यांनी पाहिलंय. मीही पलटणीत असे जवान पाहिलेत, ज्यांची घरी जाणारी मनीऑर्डर महिन्यागणिक लहान होत गेली. त्या घरातल्या बाईला वाइन आणि दारू यांतला फरक समजावायला जाऊ नये. तिची भीती खरी आहे.

तिसरी अट, एकच लेबल. दारू हा घटनेनुसार राज्यांचा विषय. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, लेबलची नोंदणी वेगळी, शुल्क वेगळं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, अमुक राज्यातच विक्रीसाठी. कर्नाटकात घाऊक दारूविक्री २००३ पासून एका सरकारी महामंडळाच्या हातात आहे. आता विचार करा, डी-मार्ट आपल्या 'प्रीमिया' नावाने डाळ विकतं, ती पवईला आणि बेळगावला एकाच पिशवीत मिळू शकते. वाइनचं तसं करायचं तर सीमा ओलांडताना बाटली जणू दुसऱ्या देशात जाते. नाशिकची वाइन देवनहळ्ळीला येईपर्यंत तिच्यावर द्राक्षापेक्षा कागदाचा खर्च जास्त चढतो. स्वस्ताई येणार कुठून?

आणि तरीही, मंडळी, या देशात एक किराणा दुकान आहे जिथे साबण, चहा, मिक्सर आणि बाटली एकाच छपराखाली, बाजाराहून कमी दरात मिळते. ते म्हणजे आमचं कॅन्टीन. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, कॅन्टीन सर्व्हिसेस (इंडिया) उभी राहिली. १९४८ मध्ये तिचं कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट झालं. मुख्यालय मुंबईत, म्हणजे ज्या प्रांतात लवकरच दारूबंदी येणार होती त्याच शहरात! फौजेच्या मेस आणि कॅन्टीनना त्या कायद्यातून सवलत होती. हा भेदभाव आहे, असा आक्षेप बलसारा खटल्यात घेतला गेला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातली काही कलमं रद्द केली, पण फौजेची सवलत कायम ठेवली.

तिथे स्वस्त का मिळतं? बराचसा भाग करसवलतीचा आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. पण बाकीची रचना पाहण्यासारखी आहे. किराण्याचं कार्ड वेगळं, दारूचं वेगळं. महिन्याचा कोटा हुद्द्याप्रमाणे ठरलेला. कुणी किती घेतलं याची नोंद. साबणाशेजारी बाटली ठेवल्याने छावणी बिघडत नाही, कारण फळीला हिशेब जोडलेला असतो. एक उणीव मात्र आहे. मी पाहिलेल्या कॅन्टीनमध्ये रमला अख्खी भिंत लागते आणि वाइन एका खणात मावते. साहेबाच्या काळापासून आमच्या जिभेला रमची सवय. डिनर नाइटला राष्ट्रपतींच्या नावाने वाइनचा पेला उंचावायचा, आणि घरी येऊन रम ओतायची, असा आमचा रिवाज.

आता बाजारात गेलात तर काय बघाल, एवढं सांगतो. बेंगळूरुत काही मोठ्या दुकानांत वाइनची वेगळी फळी दिसते. तिथे स्वस्त बाटली उचलली तर मागचं लेबल वाचा. 'फोर्टिफाइड' लिहिलं असेल तर वरून मद्यार्क घातलेला आहे, म्हणजे ती साध्या वाइनपेक्षा कडक असणार. मद्याचं प्रमाण बघा. द्राक्षाची जात लिहिली आहे का बघा, आणि बाटली कुठे भरली तेही. जो आपलं नाव-गाव स्पष्ट लिहितो, त्याची तीनशेची बाटली मी सोनेरी लेबलच्या मुक्या बाटलीपेक्षा पसंत करीन.

राहता राहिला शेतकरी. दोन्ही बाजू त्याचं नाव घेतात. माझ्या घरासमोरचा रस्ता विमानतळाकडे जातो, आणि त्या रस्त्याकडेच्या द्राक्षबागांच्या जागी दर वर्षी नव्या प्लॉटच्या पाट्या लागतात. मांडवाचे दगडी खांब तेवढे उभे राहतात, वेली गेलेल्या असतात. साधारण सव्वा किलो द्राक्षांची एक बाटली होते. त्या सव्वा किलोचे शेतकऱ्याला किती मिळाले, हे बाटलीच्या किमतीसोबत जाहीर करा, मग कपाट उघडा, असं मी म्हणेन. कपाटाला कुलूप असू द्या, विक्रीची नोंद असू द्या, आणि ज्या गावाला नको असेल त्या गावाला नाही म्हणायचा हक्क असू द्या. छावणीत जी शिस्त जमते ती शहरातल्या दुकानात का जमू नये? ती जमणार नसेल, तर अण्णांचं बरोबर आहे असं मी मान्य करीन.

मात्र फार वेळ घेऊ नका. कायदा पुन्हा लिहिता येतो, उपटलेली बाग प्लॉट झाल्यावर परत लावता येत नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या. जय हिंद.