मोक्षपटावरील शेजार

सापशिडीचा पट ज्या घरात कधीच उलगडला गेला नाही, असे घर आपल्या ज्ञातीत क्वचितच सापडेल. सुट्टीच्या दिवसांत मुले तो मांडून बसतात, शिडी लागली की टाळ्या पिटतात आणि सोंगटी सापाच्या तोंडी गेली की हिरमुसतात. वडील मंडळी हे कौतुकाने पाहतात. परंतु हा पोरखेळ आहे, यापलीकडे त्याचा विचार करीत नाहीत. वास्तविक मूळचा हा पट नुसत्या करमणुकीचा नव्हे. महाराष्ट्रात त्याला मोक्षपट म्हणत, आणि त्याच्या घराघरावर मानवी स्वभावातील एकेक गुण किंवा दोष लिहिलेला असे. आपल्या संस्थेच्या या वार्षिक स्मरणिकेत त्या पटाचा थोडा इतिहास सांगावा, आणि ज्ञातिसंस्था म्हणून आपण त्यापासून काय घ्यावे याचा विचार वाचकांपुढे ठेवावा, एवढाच आमचा हेतू आहे.

आपल्याकडील परंपरा मोक्षपटाचे कर्तृत्व श्रीज्ञानदेवांकडे देते. ज्ञानदेवांचा काळ १२७५ ते १२९६ हा होय. आज संग्रहालयांतून व हस्तलिखितांच्या संग्रहांतून जे जुने पट पाहावयास मिळतात, ते मात्र अठराव्या शतकापासून पुढचे आहेत. म्हणून ज्ञानदेवांचे नाव या पटाशी जोडले जाते ते परंपरेच्या श्रद्धेने, असेच म्हटले पाहिजे. ज्याने सामान्य जनांसाठी गीतार्थ मराठीत आणला, त्यानेच गहन तत्त्व खेळातून घरोघर नेले असावे, असे लोकांस वाटले, यात या खेळाचा केवढा मान आहे!

हा पट केवळ एका पंथाचा वा एका प्रांताचा नव्हता, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. वैष्णवांचा पट पुष्कळदा ७२ घरांचा असे. जैनांमध्ये ज्ञानबाजी अथवा ज्ञानचौपड या नावाने ८४ घरांचा पट प्रचारात होता. सूफी मुसलमानांचा पट १०० घरांचा असे. नेपाळात तोच खेळ नागपाश या नावाने ओळखला जाई. घरांची संख्या निराळी, देवतांची नावे निराळी. परंतु खालून वर जाण्याची धडपड, सद्गुणाची शिडी आणि दुर्गुणाचा साप हे सर्वत्र समान. अँड्र्यू टॉप्सफील्ड या इंग्रज विद्वानाने १९८५ साली अशा अनेक पटांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला आहे.

इंग्रजांचे लक्ष या खेळाकडे कंपनी सरकारच्या काळातच गेले होते. पेशवाईच्या अस्तानंतर पुण्याचे कलेक्टर झालेले हेन्री डंडास रॉबर्टसन यांनी भेट दिलेला ७२ घरांचा देवनागरी पट लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. पुढे पुराणांचे अभ्यासक एफ. ई. पार्जिटर यांनी १९१६ साली त्याच सोसायटीच्या नियतकालिकात स्वर्ग-नरकाच्या या भारतीय खेळावर लेख लिहिला. तत्पूर्वीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विलायतेतील व्यापाऱ्यांनी हा खेळ छापून विकावयास काढला होता. आरंभीच्या विलायती पटांवर काटकसर, उद्योग, पश्चात्ताप अशा शिड्या आणि आळस, आज्ञाभंग असे साप होते. हळूहळू ती नावे पुसली गेली व केवळ आकडे उरले. १९४३ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने हा खेळ काढला, तेव्हा साप जाऊन त्याच्या जागी बागेतील घसरगुंड्या आल्या. आज आपल्या मुलांच्या हाती दुकानातून येतो तो बहुधा आकड्यांचाच पट. आपल्या अंगणातून गेलेली वस्तू परत आली. परंतु येताना तिच्यावरील अक्षरे गळून पडली.

ही अक्षरे कोणती होती, ते आता पाहू. पटापटांत थोडाफार फरक आढळतो. तथापि ७२ घरांच्या वैष्णव पटाची जी मांडणी विशेष परिचित आहे, ती पुढीलप्रमाणे. नऊ नऊ घरांच्या आठ ओळी. पहिले घर जन्माचे, दुसरे मायेचे. क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे सारे पहिल्याच ओळीत दाटीवाटीने बसलेले. दहा शिड्या आणि दहा साप. गंतव्य स्थान वैकुंठ; परंतु ते शेवटच्या ७२ व्या घरात नसून ६८ व्या घरात आहे. ७२ व्या घरात तमोगुण बसला आहे.

या मांडणीकडे जो बारकाईने पाहील, त्यास एक गोष्ट चकित करील. गुण आणि दोष यांची घरे दूरदूर नाहीत. बहुतेक ठिकाणी ती एकमेकांस लागून आहेत. २८ वे घर स्वधर्माचे, तर २९ वे अधर्माचे. ४४ वे घर अविद्येचे, तर ४५ वे सुविद्येचे. २४ व्या घरात कुसंग, २५ व्या घरात सुसंग. धर्माच्या २२ व्या घरातून शिडीने माणूस थेट ६० व्या घरी, सुबुद्धीपर्यंत चढतो. परंतु तिला लागूनच ६१ व्या घरात दुर्बुद्धीचा साप तोंड वासून बसलेला आहे. सर्वांत मार्मिक शेजार मात्र ५४ आणि ५५ या घरांचा आहे. ५४ वे घर भक्तीचे. तेथून शिडी निघते ती थेट वैकुंठास जाते. आणि त्याच्या शेजारचे ५५ वे घर अहंकाराचे. तेथला साप माणसास पार तळाच्या ओळीत आणून टाकतो. दोहोंमध्ये अंतर किती? एका कवडीचे!

ज्याने ही घरे अशी मांडली, तो मनुष्यस्वभावाचा फार मोठा जाणकार असला पाहिजे. चोराच्या मनात अहंकार शिरला तर त्याचे नवल नाही. परंतु भक्ताच्या, दात्याच्या, समाजसेवकाच्या मनात तो शिरतो तो त्याच्या सत्कृत्याचा हात धरूनच शिरतो. मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्यास आपल्या नावाच्या शिळेची लांबी-रुंदी महत्त्वाची वाटू लागली, की त्याची सोंगटी ५४ वरून ५५ वर सरकली असे समजावे. वार्षिक सभेत व्यासपीठावरील खुर्च्यांच्या क्रमावरून जे रुसवे-फुगवे होतात, ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस या घराचे अधिक वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरा विचार उंचीचा. आज सापशिडी खेळताना शेवटचे घर हेच जिंकण्याचे घर असते. जितके वर तितके चांगले, असा समज मुलांच्या मनात सहजच रुजतो. मोक्षपट तसे सांगत नाही. १७ व्या घरात दया आहे, आणि तिची शिडी सोंगटीस ६९ व्या घरी, ब्रह्मलोकास, नेते. ते घर वैकुंठाच्याही पुढचे आहे. म्हणजे एवढे महत्पुण्य करूनही प्राप्तव्य मागेच राहिले! तेथून पुढे सत्त्वगुण, रजोगुण आणि अखेर तमोगुण. तमोगुणाचा साप सोंगटीस ५१ व्या घरी, पृथ्वीवर, आणून सोडतो. तेथून पुन्हा प्रवास. आणि ५१ व्या घरावरून पुढे काय आहे पाहा: एक पडले तर हिंसा, तीन पडले तर भक्ती, चार पडले तर अहंकार. सर्वांत उंच चढलेला माणूस जमिनीवर येतो, आणि जमिनीवर आल्यावरच त्याला भक्तीचे दार जवळ दिसते.

विद्येचेही तसेच. ४५ व्या घरातील सुविद्येची शिडी ६७ व्या घरापर्यंत नेते. वैकुंठ तेथून एकच घर पुढे; पण ते एक घर विद्येने चढता येत नाही. आपल्या ज्ञातीतील मुलामुलींनी पदव्या मिळवाव्यात, परदेशी जावे, मोठ्या हुद्द्यांवर बसावे, ही आम्हां सर्वांची इच्छा आहे, आणि त्यासाठीच ज्ञातिसंस्था शिष्यवृत्त्यांसाठी निधी जमवीत असतात. तथापि शिडीने कोठवर नेले आणि पुढचे पाऊल आपले आपण कोणत्या बळावर टाकावयाचे, हा प्रश्न प्रत्येक गुणवंतास पडलाच पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो. हा खेळ सर्वस्वी कवड्यांच्या दानावर चालतो. खेळणाराच्या बुद्धीस त्यात वाव नाही. मग ज्यात निवड नाही, त्यात नीती कसली? आक्षेप रास्त आहे. मोक्षपट खेळून कोणी सदाचारी होत नाही. परंतु दान आपल्या हातचे नाही, ही जाणीवच या खेळाची पहिली शिकवण आहे, असे आम्हांस वाटते. शिडी लागली ती माझ्या कर्तबगारीने, आणि शेजारच्यास सापाने गिळले ते त्याच्या नालायकीने, असे म्हणण्याची सोय हा पट ठेवीत नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा हातात काही नसता गावाहून शहरात आले. त्यांच्या कष्टांस तोड नाही हे खरे. परंतु त्यांच्याबरोबर आलेल्या, तितकेच कष्ट केलेल्या अनेकांस आजार, दुष्काळ, कर्ज अथवा गिरणी बंद पडणे यांनी खाली खेचले. त्यांची मुले-नातवंडे आजही आपल्याच ज्ञातीत आहेत. त्यांच्याकडे पाहताना आपल्या वाट्यास आलेले दान आठवावे. योगायोग असा, की मराठीत कवड्यांचे पडणे यासही दान म्हणतात आणि देणे यासही दानच म्हणतात. पटावर २० वे घर दानाचे आहे, आणि त्याची शिडी ३२ व्या घरी, महर्लोकास, जाते. पहिले दान पडले म्हणूनच दुसरे दान करता येते, हे विसरू नये.

आता जे सांगावयाचे ते ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेतच सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. या पटावर जन्माचे घर एकच आहे, आणि ते पहिले आहे. कोणाचीही सोंगटी कुळाच्या बळावर दहाव्या किंवा विसाव्या घरापासून निघत नाही. ज्यास जातीचा अभिमान म्हणतात, त्यास या पटावर ५५ व्या घराखेरीज दुसरी जागा आम्हांस तरी दिसत नाही. आणखीही एक गोष्ट आहे. सोंगट्यांच्या इतर खेळांत सोंगटी मारली जाते, पटाबाहेर जाते. मोक्षपटावर कोणी कोणास मारीत नाही आणि घसरलेली सोंगटी पटाबाहेर जात नाही. अहंकाराने तळाशी पडली, हिंसेने नरकात पडली, तरी तिचे पुढचे दान शाबूत असते.

आपल्या देशातील ज्ञातिपंचायतींचा इतिहास याच्या उलट घडला, हे मान्य केले पाहिजे. अन्य जातीत विवाह केला, विधवेने पुनर्विवाह केला, पंचांचा शब्द मोडला, अशा कारणांवरून कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकली गेली. त्यांचे पाणी तोडले, मर्तिकास खांदा दिला नाही. मुंबई राज्याने १९४९ साली या प्रथेविरुद्ध कायदा केला; सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो घटनेशी विसंगत ठरविला. पुढे महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला व २०१७ साली तो अमलात आला. कायद्याने बहिष्कार हा गुन्हा ठरला. परंतु लग्नपत्रिका न पाठविणे, पंक्तीत शेजारी न बसणे, स्मरणिकेच्या कुटुंबसूचीतून एखादे नाव मुकाट्याने गाळणे, यांस कोणता कायदा लागू करावयाचा? तेथे आपल्या मनातील पंचच बदलले पाहिजेत. पटाने ज्यास बाहेर टाकले नाही, त्यास आपण कोण बाहेर टाकणार?

आमची एक साधी सूचना आहे. येत्या सुट्टीत प्रत्येक घरी एका जाड पुठ्ठ्यावर ७२ घरे आखावीत. मुलांकडून त्यांत नावे लिहून घ्यावीत, शिड्या व साप काढून घ्यावेत, आणि आजी-आजोबांसह सर्वांनी एकत्र खेळावे. मत्सर म्हणजे काय, विवेक म्हणजे काय, असे मुले विचारतील. उत्तरे देताना वडीलधाऱ्यांची थोडी त्रेधा उडेल, आणि ती उडावी हेच इष्ट आहे. ज्या कुटुंबांशी काही कारणाने येणे-जाणे तुटले असेल, त्यांच्या मुलांस या खेळास अगत्याने बोलवावे. कवड्या नसतील तर चिंचोके चालतील. पटाभोवती जागा मात्र सर्वांना पुरेल एवढी ठेवावी.