रिकाम्या खुर्चीची कुळकथा

1 एप्रिल 1921, व्हिएन्ना. महायुद्ध हरून तीन वर्षंही झालेली नव्हती. सम्राट गेला होता, साम्राज्याचे तुकडे झाले होते. याकोब मोरेनो नावाचा तरुण डॉक्टर विदूषकाच्या वेषात रंगमंचावर आला. पडदा उघडला तर ना नट, ना संहिता. सिंहासनासारखी एक लाल खुर्ची आणि एक सोनेरी मुकुट, बस्स. ज्याला राज्य चालवता येईल त्याने इथे येऊन बसावं, असं आवाहन त्याने प्रेक्षकांना केलं. काही जण बसलेही, पण मोरेनोनेच लिहून ठेवल्याप्रमाणे एकही पसंतीला उतरला नाही. प्रयोग सपशेल पडला.

मोरेनो 1925 साली अमेरिकेला गेला आणि रंगमंचच उपचारासाठी वापरू लागला. हा त्याचा सायकोड्रामा. रुग्ण आपल्या आयुष्यातले प्रसंग करून दाखवी. बाप, बायको, साहेब यांची कामं इतर करत, आणि मध्येच भूमिकांची अदलाबदल होई. समोरचं माणूस हजर नसलं की त्याच्या जागी रिकामी खुर्ची.

फ्रिट्झ पर्ल्स हा बर्लिनचा मानसोपचारतज्ज्ञ. लहानपणापासून नाटकवेडा; न्यूयॉर्कमध्ये त्याने मोरेनोचं काम जवळून पाहिलं. त्याने बाकीची पात्रंच काढून टाकली. दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस आळीपाळीने बसणार, दोन्ही बाजू स्वतःच बोलणार. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसालेनला त्याची ही प्रात्यक्षिकं गाजली आणि खुर्चीचं श्रेय बहुतेकदा त्याच्याच खाती जमा झालं. मोरेनोवर हा थोडा अन्यायच. शिवाय पर्ल्सला लोकांना रडवण्याची हातोटी होती, पण भावनेचा बांध फुटल्यावर ज्यांना स्वतःला सावरताच येत नाही, त्यांचं पुढे काय, याची काळजी त्या प्रात्यक्षिकांत फारशी दिसत नाही.

ती काळजी वाहिली जेफ्री यंगने. हा मानसोपचारतज्ज्ञ आरन बेकच्या फिलाडेल्फियातल्या तालमीतला. विचार कागदावर मांडा, पुरावा तपासा, ही बेकची रीत नैराश्यावर चांगली लागू पडत होती. व्यक्तिमत्त्व विकार असलेले रुग्ण मात्र अडत. डोक्याला पटतं, आतून पटत नाही, ही त्यांची तक्रार. बालपणी सुरक्षितता, माया, कौतुक यांची उपासमार झाली की ‘मला सोडून जाणार’, ‘मीच वाईट’ असे साचे (स्कीमा) मनात घट्ट बसतात, आणि ते नुसत्या युक्तिवादाने हलत नाहीत, असं यंगचं निदान होतं. 1990 साली त्याने ते पुस्तकरूपाने मांडलं. यातून स्कीमा थेरपी उभी राहिली आणि तिने खुर्ची पुन्हा बाहेर काढली.

बॉर्डरलाइन या व्यक्तिमत्त्व विकारात मन क्षणाक्षणाला पालटतं. मैत्रिणीने फोन उचलला नाही की आधी टाकलं गेल्याची भीती, मग संताप, मग ‘तुझी लायकीच नाही’ असा आतला दरडावणारा आवाज, आणि शेवटी सगळं बधिर. यंगने या अवस्थांना ‘मोड’ म्हटलं: घाबरलेलं मूल, रागावलेलं मूल, शिक्षा करणारा पालक, अलिप्त रक्षक. प्रत्येकाला एक खुर्ची. गुंत्याचे असे वेगळे धागे दिसू लागले की आत्ता कोण बोलतंय, हे रुग्णाला ओळखता येतं.

बधिर करणाऱ्या रक्षकाशी भांडायचं नसतं. तू कधी आलास, कशापासून वाचवलंस, असं त्याला आदराने विचारायचं. दरडावणाऱ्या पालकाची गोष्ट वेगळी. त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर थेरपिस्ट स्वतः उभा राहतो आणि बजावतो: हिच्याशी असं बोलायचं नाही. प्रसंगी ती खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवतो. मोरेनो मंच चालवायचा, पर्ल्स डिवचायचा. इथे उपचार करणाऱ्याने उघडपणे मुलाची बाजू घेतली. मला हाच या कुळकथेतला खरा पालट वाटतो. लहानपणी जे कोणी बोललं नाही ते आधी थेरपिस्ट बोलतो, रुग्ण ऐकतो. पुढे ‘निरोगी प्रौढा’च्या खुर्चीवर बसून तेच स्वतः बोलायला शिकतो.

2006 साली नेदरलँड्समधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. बॉर्डरलाइनचे 86 रुग्ण, आठवड्याला दोन बैठका, तीन वर्षं. मनोविश्लेषणाच्या परंपरेतल्या दुसऱ्या उपचाराच्या तुलनेत स्कीमा थेरपीने जास्त रुग्ण सुधारले आणि मध्येच सोडून जाणारेही कमी निघाले. मात्र तपासली गेली ती अख्खी थेरपी. त्यात खुर्चीचा वाटा किती, हे त्या चाचणीतून वेगळं काढता येत नाही.