बहात्तर पिस्टनांचा संसार

वाफेच्या इंजिनावर प्रेम करणे सोपे असते. ते धापा टाकते, शिट्टी मारते, घामाघूम होते. थोडक्यात, आपल्या नात्यातल्याच कुणासारखे वाटते. डिझेल इंजिन म्हणजे नुसता डबा. पोटात काय चालले आहे याचा चेहऱ्यावर पत्ता नाही, बँकेतल्या मॅनेजरसारखा! अशा डब्यासाठी शनिवारची झोप मोडणाऱ्यांना लोक वेडे म्हणतात. त्या वेड्यांत मीही एक.

इंग्लंडात चेस्टरफिल्डजवळ बॅरो हिल येथे १८७० सालची गोल इंजिन-शेड अजून उभी आहे. ‘डेल्टिक’ जातीची जुनी डिझेल इंजिने जपणाऱ्या हौशी मंडळींचा डेरा तिथेच. मी शेफील्डला राहतो. निवृत्तीनंतर दिवसभर पायांत पायांत येऊ लागलो, तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, कुठेतरी जाऊन या ना!” गेलो. पहिल्याच दिवशी हातात तारेचा ब्रश मिळाला.

डेल्टिकचे कूळ लढाऊ. नेपियर कंपनीचे हे इंजिन मुळात आरमाराच्या वेगवान बोटींसाठी केलेले. अठरा सिलिंडर त्रिकोणात मांडलेले, प्रत्येकात दोन पिस्टन समोरासमोर, आणि तिन्ही कोपऱ्यांत एकेक क्रँकशाफ्ट. अशी दोन यंत्रे एका गाडीत. म्हणजे पिस्टन बहात्तर, शक्ती ३,३०० अश्वांची. चाळीतल्या बारा बिऱ्हाडांचे नळाच्या वेळेवर एकमत होत नाही. इथे बहात्तर जण मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या तालावर बिनतक्रार नांदतात.

१९६१-६२ साली अशी २२ इंजिने लंडन-एडिंबरो मार्गावर आली आणि त्यांनी वाफेच्या ५५ इंजिनांना घरी बसवले. काहींना शर्यतीच्या घोड्यांची नावे दिली. त्यातला ‘तुल्यार’ १९५२ सालची डर्बी जिंकलेला. त्याचे मालक तिसरे आगाखान, म्हणजे पुण्यातला आगाखान पॅलेस बांधणारे! तेव्हा मी आपल्या नगर रस्त्याच्याच पागेतल्या घोड्याला खरारा करतो, असे सौ.ला ऐटीत सांगितले. ती म्हणाली, “पण कपड्यांना वास डिझेलचा येतो, त्याचे काय?”

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. १९७८ पासून ताशी १२५ मैल धावणाऱ्या नव्या गाड्या त्याच मार्गावर आल्या, आणि ताशी १०० मैलांची आमची राणी दुय्यम ठरली. २ जानेवारी १९८२ रोजी डेल्टिकची अखेरची फेरी झाली. बावीसपैकी सहा वाचली. त्यातली तीन वाचवली १९७७ साली स्थापन झालेल्या, पदरमोड करणाऱ्या सामान्य माणसांच्या एका संस्थेने. डिझेललाही कुणी रडेल, हे तेव्हा वाफप्रेमींना पटत नव्हते.

गंज खरवडणे ही यातली सोपी गोष्ट. असे यंत्र आता कुणी बनवत नाही. सुटा भाग हवा, तर दुसऱ्या मेलेल्या यंत्राच्या पोटातून काढायचा, नाहीतर नव्याने घडवून घ्यायचा. पण आमच्यात ऐंशीच्या घरातले एक फिटर आहेत. ते धडधडत्या यंत्रापाशी मान कलती करून उभे राहतात आणि म्हणतात, “डावीकडे, खालून. काहीतरी सैल आहे.” उघडून पाहावे, तर खरेच सैल! हे कोणत्याही पुस्तकात नाही. लोखंडाचे भाग मिळतील. त्या कानांचे सुटे भाग कुठून आणायचे?

म्हणून हल्ली मी ब्रश खाली ठेवतो, त्यांच्या शेजारी उभा राहतो आणि जीव कानांत आणून ऐकतो. सौ.ला हे कळले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “चाळीस वर्षांत माझे कधी असे ऐकले नाहीत!”