घड्याळाच्या घराण्यातलं यंत्र

हातात मावणारं जीपीएस यंत्र होकायंत्राच्या घराण्यातलं असावं, असं कुणालाही वाटेल. वाट दाखवणं हे दोघांचंही काम आणि लटकण्याची जागाही एकच, गळ्यात किंवा सॅकच्या पट्ट्याला. पण २००० साली आलेलं गार्मिनचं साधं पिवळं ईट्रेक्स हातात घेऊन एका जागी उभं राहा, पडद्यावरचा बाण गोंधळून जातो. उत्तर कुठे आहे ते त्याला ठाऊकच नसतं. थोडी पावलं चाललात, की मघाची जागा आणि आताची जागा ताडून ते तुमची दिशा सांगतं. त्याच्या पोटात चुंबकसुई नाही. रेडिओ आहे आणि घड्याळ आहे. त्याचं कूळ शोधायचं तर घड्याळजीच्या दारी जावं लागतं.

अठराव्या शतकात खलाशांना अक्षांश सूर्य-ताऱ्यांवरून काढता येई, रेखांश मात्र हुलकावणी देई. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणून मूळ बंदरात या घडीला किती वाजलेत हे समुद्रात कळलं, तर रेखांश कळतो. चार मिनिटं चुकली तर विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा घोळ. यासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये बक्षीस लावलं. जॉन हॅरिसन या सुतार-घड्याळजीचं एच-४ हे घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर गेलं आणि ८१ दिवसांत जेमतेम पाच सेकंद चुकलं. ठिकाण वेळेवरून काढायचं, ही रीत दर्यावर्दींच्या अंगवळणी पडली ती अशा घड्याळांमुळे.

दुसरा धागा आकाशातून आला. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख त्याचं ‘बीप बीप’ ऐकत बसले. उपग्रह जवळ येताना त्याची कंप्रता चढलेली आणि लांब जाताना उतरलेली असे. त्या चढउतारावरून त्यांनी त्याची कक्षा मांडली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्‌ल्यूर यांनी हे गणित उलटं फिरवलं: कक्षा आधीच माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल. पोलॅरिस पाणबुड्यांसाठी ‘ट्रान्झिट’ ही यंत्रणा त्यातून उभी राहिली आणि १९६४ पासून कामाला लागली. तिच्यात एक खोट होती. डोक्यावरून उपग्रह जाईपर्यंत ताटकळावं लागे.

मग रॉजर ईस्टन यांनी १९६७ मध्ये ‘टायमेशन’ प्रयोगात घड्याळच उपग्रहावर चढवलं. ही कल्पना आणि हवाई दलाचे स्वतंत्र प्रयत्न १९७३ मध्ये ब्रॅड पार्किन्सन यांच्या हाताखाली एकत्र आले आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये जीपीएसचा पहिला उपग्रह वर गेला.

प्रत्येक उपग्रह सतत एवढंच सांगत असतो: मी अमुक जागी आहे आणि आता इतके वाजलेत. आपलं यंत्र काही पाठवत नाही, नुसतं ऐकतं. संदेश यायला लागलेल्या वेळाला प्रकाशाच्या वेगाने गुणलं, की उपग्रहाचं अंतर मिळतं. तीन अंतरांत जागा ठरायला हवी. पण वर अणुघड्याळ आणि हातात साधं क्वार्ट्झ. ते एक मायक्रोसेकंद चुकलं तरी ३०० मीटर वाया. म्हणून चौथा उपग्रह लागतो. त्याच्या आधाराने यंत्र स्वतःच्याच घड्याळाची चूक हिशेबातून काढून टाकतं. खिशातल्या स्वस्त घड्याळाची पत अशी वाढते.

१ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर रेगन सरकारने जीपीएस नागरिकांना खुलं करण्याचं जाहीर केलं. १९८९ मध्ये मॅगेलनचं नॅव्ह १००० बाजारात आलं. हातात धरता येणारं, किंमत तीन हजार डॉलरांच्या घरात. वर पुरेसे उपग्रह नसल्याने ते दिवसातले काही तासच उपयोगी पडे.

नागरिकांच्या वाट्याला आलेली वेळ भेसळीची होती. लष्कर उपग्रहावरचं घड्याळ मुद्दाम किंचित मागेपुढे डुलवत ठेवी, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकत असे. १९९१ च्या आखाती युद्धात लष्करी यंत्रं कमी पडली, सैनिकांच्या हाती बाजारातली यंत्रं आली. तेव्हा लष्करालाच ही भेसळ तात्पुरती थांबवावी लागली. २ मे २००० पासून ती कायमची बंद झाली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनच्या रानात एकाने बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि जिओकॅशिंगचा खेळ सुरू झाला. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. लोकांनी फिरून गोळा केलेल्या ट्रॅकांवरून रस्ते रेखायचे आणि नकाशा सर्वांना खुला ठेवायचा, ही त्याची पद्धत.

ट्रॅक म्हणजे तरी काय? वेळेचा शिक्का मारलेल्या बिंदूंची माळ. सह्याद्रीतले ट्रेकर हीच माळ जीपीएक्स फाइल म्हणून एकमेकांना देतात. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत मात्र ती बिघडू शकते. संदेश कातळावर आपटून येतो, तीस मीटरचा वळसा पडला की शंभर नॅनोसेकंद उशीर होतो, आणि नकाशावर माणूस कड्याबाहेर चालताना दिसतो.

या घराण्याची एक खोडही आहे. उपग्रह आठवडे मोजतात, पण मूळच्या संदेशात १०२३ नंतर पुन्हा शून्य येतं. असा फेरा ऑगस्ट १९९९ मध्ये आणि पुन्हा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री पूर्ण झाला. त्यानंतर कित्येक जुन्या यंत्रांवर १९९९ साल झळकू लागलं. तरी त्यांतली बरीचशी जागा बरोबर सांगत राहिली, कारण जागेचा हिशेब नॅनोसेकंदांवर चालतो, सालावर नव्हे. तेव्हा अशा यंत्राचा ट्रॅक हाती आला तर त्यातली वाट खुशाल धरा, तारीख तेवढी पारखून घ्या.