दोन फड : बीड जिल्ह्यातील ऊसतोड आणि करमणुकीचा इतिहास

१

जनप्रिय संस्कृतीविषयीची मराठीतील चर्चा बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जाऊन थांबते. तमाशा, बोलपट, व्हिडिओ, कॅसेट, चित्रकथा यांच्याकडे एक तर अभिरुचीच्या ऱ्हासाची लक्षणे म्हणून पाहिले जाते, किंवा बहुजनांच्या सर्जनशीलतेचा निखळ आविष्कार म्हणून त्यांचा गौरव केला जातो. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते. करमणूक ज्या वेळात होते, तो वेळ सर्वांना सारखाच उपलब्ध असतो, असे ते गृहीतक आहे. चर्चा होते ती त्या वेळात काय पाहिले-ऐकले जाते याची; तो वेळ कोणाला, केव्हा आणि कोणत्या किमतीला मिळतो, याची होत नाही.

पाश्चात्त्य विवेचनात हा प्रश्न उपस्थित झालेला आहे. ई. पी. थॉमसन यांनी १९६७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात घड्याळी काळ आणि औद्योगिक श्रमशिस्त यांचा संबंध उलगडून दाखवला. अडोर्नो व होर्कहायमर यांच्या संस्कृति-उद्योगाच्या मीमांसेत तर करमणूक ही श्रमाचीच पुढची पायरी ठरते. यंत्रापुढे थकलेला माणूस पुन्हा यंत्रापुढे उभा राहता यावा, यासाठी ती असते. मात्र या मांडणीमागे कारखान्याचा भोंगा, ठरलेले तास आणि रविवारची सुट्टी आहे. फुरसत ही तेथे कामाच्या तासांची दुसरी बाजू होय. मुंबईत १९९९ साली 'क्रॉसरोड्स' आणि औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) २०१० साली 'प्रोझोन' उघडले, तेव्हा या फुरसतीला तिची वास्तूही मिळाली. मॉल हा ठरावीक पगाराच्या, ठरावीक सुट्टीच्या आणि एका जागी स्थिर असलेल्या माणसाचा अवकाश आहे.

बीड जिल्ह्याचा अनुभव या गृहीतकाला छेद देतो. येथे लाखांच्या घरातील माणसे वर्षातील पाच-सहा महिने गावात नसतात. त्यांच्या कामाला तास नाहीत आणि वर्षाला रविवार नाहीत. अशा समाजात करमणुकीचा इतिहास लिहावयाचा, तर तो माध्यमांच्या क्रमाने लिहून भागत नाही. तो पंचांगाच्या क्रमाने लिहावा लागतो.

२

मराठी भाषेने या बाबतीत काही खुणा जपून ठेवल्या आहेत. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि १८९५ साली का. र. मित्र यांचे 'मनोरंजन' निघाले. या दोन्ही शब्दांना पांढरपेशा कुटुंबातील सायंकाळच्या वाचनाचा वास आहे. परंतु 'करमणे' या क्रियापदाचा बोलीतील संसार वेगळा आहे. ते मुख्यत्वे नकारातच जगते. परगावी गेलेला माणूस 'करमत नाही' म्हणतो. सासरी आलेली मुलगी तेच म्हणते. करमणूक म्हणजे वेळेचा उपभोग नव्हे, तर आपल्या ठिकाणाहून तुटल्याच्या दुखण्यावरचा उतारा होय, असा या शब्दाचा मूळ भाव दिसतो. याउलट 'रिकामा' या शब्दाला श्रमिकांच्या जगात प्रतिष्ठा नाही. दुष्काळात हाताला काम नसते, तेव्हा माणूस रिकामा असतो. त्याला कोणी फुरसत म्हणत नाही.

ऊसतोडीच्या परिभाषेत आणखी एक शब्द आहे: 'खाडा'. नवराबायको मिळून एक 'कोयता' मानला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी 'उचल' घेतली जाते आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांतून फेडली जाते. आजारपणाने, पाळीने वा थकव्याने एक दिवस काम चुकले, तर तो खाडा होतो आणि त्याचे पैसे हिशेबातून वजा होतात. विश्रांतीच्या दिवसाला सुट्टी असे नाव नसून दंडाचे नाव आहे. जनप्रिय संस्कृतीचा विचार या शब्दापासून सुरू केला, तर त्याची दिशाच बदलते.

३

बालाघाटच्या रांगेवरील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी हे तालुके पर्जन्यछायेत येतात. जमीन हलकी, पाणी तुटपुंजे. पश्चिम महाराष्ट्रात १९५० नंतर सहकारी साखर कारखानदारी विस्तारत गेली आणि तिला तोडणीसाठी मनुष्यबळ लागले. १९७२च्या दुष्काळाने कोरडवाहू शेतीवरचा उरलासुरला भरवसाही हलवला. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमाभागाकडे निघतात. कारखान्याचा पट्टा पडला की, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, त्या परततात. वंजारी, बंजारा, मराठा, दलित, भटके असे अनेक समाज या प्रवासात आहेत.

या ये-जा करण्याने गावाच्या सणवारांची उभी फाळणी केली. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते, तेव्हा टोळ्या निघून गेलेल्या असतात. महाशिवरात्रीला परळी वैजनाथ येथे गर्दी लोटते, तेव्हा त्या उसात असतात. परत आल्यावर त्यांच्या वाट्याला येतात त्या चैत्र-वैशाखातील गावजत्रा, लग्ने आणि सप्ताह. हातात थोडा पैसा, पाऊस अजून लांब, आणि सगळे गाव एकत्र, असा हा वर्षातील एकमेव काळ. गावाची सार्वजनिक करमणूक याच दोन महिन्यांत दाटीने बसवली गेली.

तमाशाचे अर्थकारण या काळाशी जुळलेले होते. दसऱ्याला बाहेर पडलेले फड बुद्धपौर्णिमेच्या आसपास थांबतात. त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग चैत्रातील जत्रांच्या सुपाऱ्यांतून येतो आणि त्या सुपाऱ्यांसाठी गावोगावचे पुढारी पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांवर जमतात. 'फड' हा शब्द तमाशाचाही आहे आणि उसाचाही. हा निव्वळ शब्दश्लेष मानून सोडून देता येत नाही. दोन्ही फड एकाच ऋतुचक्रात फिरतात, दोन्हींत उचल आहे, दोन्हींत बायकांचे श्रम मध्यवर्ती आहेत आणि दोन्हींचा मुक्काम तात्पुरता आहे. वगातील पाटील, सावकार आणि शिपाई यांची टर उडताना प्रेक्षकांत उठणारे हसू हे बव्हंशी नुकत्याच हंगामाचा हिशेब पुरा करून आलेल्या माणसांचे हसू होते.

तंबूतील सिनेमाही याच वाटेने आला. एकाच मालमोटारीत तंबू, पडदा व प्रक्षेपक घेऊन जत्रांमागे फिरणाऱ्या टूरिंग टॉकीज ही महाराष्ट्राची वैशिष्ट्यपूर्ण संस्था होय. तिच्या अखेरच्या पर्वाची नोंद शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या अनुबोधपटात झाली आहे. पक्क्या चित्रपटगृहाला वर्षभर प्रेक्षक लागतो. तंबूला जत्रेपुरता पुरतो. ज्या गावांचे निम्मे रहिवासी निम्मे वर्ष बाहेर असतात, तेथे फिरता पडदा ही मागासलेपणाची खूण नसून परिस्थितीला साजेशी रचना होती.

४

१९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली. १९८३ साली 'इन्सॅट-१ बी' अवकाशात गेला आणि पुढील दोन-तीन वर्षांत लहान प्रक्षेपण केंद्रांचे जाळे पसरले. त्याच १९८३ साली अंबाजोगाईला, आद्यकवी मुकुंदराजांच्या गावी, व्यंकटेश माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. वाङ्मयीन संस्कृती आणि दृश्य माध्यम एकाच वेळी जिल्ह्याच्या दारात उभी होती.

२५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' मालिका सुरू झाली. रविवार सकाळ हा राष्ट्राचा सामुदायिक फुरसतीचा प्रहर बनल्याचे तेव्हापासून सांगितले जाते. परंतु जानेवारी हा गाळपाच्या ऐन भरातील महिना आहे आणि कोप्यांच्या तळावर रविवार नसतो. तोडणी गाडी येण्यावर अवलंबून. गाडी मध्यरात्री आली, तर मोळ्या मध्यरात्री भरावयाच्या. 'राष्ट्रीय प्रेक्षक' या संकल्पनेतून ऊसतोड कामगार कसा सुटतो, हे येथे स्पष्ट होते. माध्यम सर्वांपर्यंत पोहोचले, तरी त्याचे वेळापत्रक सर्वांचे नव्हते.

व्हिडिओ मात्र वेळापत्रकातून सुटलेला होता. वर्गणी काढून व्हीसीआर आणि रंगीत संच भाड्याने आणावयाचा, ओट्यावर मांडावयाचा आणि रात्रभरात तीन चित्रपट पाहावयाचे, ही रीत १९८०च्या दशकात महाराष्ट्राच्या खेड्यांत रूढ झाली. बारसे, लग्न, गणपती किंवा केवळ माणसे परत आल्याचे निमित्त तिला पुरे होई. शहरात व्हिडिओने प्रेक्षकाला घरात कोंडले. खेड्यात त्याने चौकालाच चित्रपटगृह केले. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली मांडलेली, फिरते आणि तरीही खाजगी जगणे अशी दूरचित्रवाणीची कल्पना येथे अर्धीच लागू पडते. साधन फिरते होते, पाहणे खाजगी नव्हते.

चित्रकथांचा मार्ग याहून निराळा. 'चांदोबा' मराठीत १९५२पासून निघू लागला. फँटम आणि मॅन्ड्रेक यांना घराघरांत नेणाऱ्या 'इंद्रजाल कॉमिक्स'चा काळ १९६४ ते १९९०. हे वाङ्मय बीडला एस.टी.नेच येई, जिल्ह्याच्या मुख्य शहरात रेल्वे पोहोचली ती २०२५ साली. पण वाचनाला साक्षरता लागते आणि साक्षरतेला सलग शाळा. दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलाची शाळा त्याच वेळी तुटे. पुढे साखरशाळांचे प्रयोग झाले, तरी ही तूट पूर्णपणे भरून निघाली नाही. बालवाङ्मयाच्या इतिहासांत या न-वाचकाची नोंद सापडत नाही. त्याच्यापर्यंत कथा पोहोचली ती डोळ्यांनी वाचून नव्हे, तर कानांनी ऐकून.

५

कानाचे माध्यम म्हणजे कॅसेट. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात दाखवले आहे की, स्वस्त ध्वनिफितीने भारतीय संगीत-व्यवसायाची केंद्रे विखुरली आणि प्रादेशिक, जातीय व धार्मिक गटांना आपापला आवाज बाजारात आणता आला. ऊसतोडीच्या संदर्भात यात एक भर घालावी लागते. फडावर नेता येईल असे हे माध्यम होते. कोपीत टेप वाजू शकत होता. उसाच्या ट्रॅक्टरवर तर तो चालकाच्या प्रतिष्ठेचा भाग बनला. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, आनंद-मिलिंद शिंदे यांची लोकगीते आणि भीमगीते एकाच पेटीत शेजारी-शेजारी राहिली.

या शेजाराला सामाजिक ताण होता. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४चा दिवस उजाडावा लागला. या सोळा वर्षांत मराठवाड्यात भीमगीत मोठ्याने लावणे ही केवळ आवड नव्हती. तो सार्वजनिक अवकाशावरचा हक्क होता. जत्रेतील तमाशाची सुपारी गावकारभाऱ्यांच्या हाती असे. कॅसेटला कोणाची सुपारी लागत नव्हती.

६

या इतिहासातील सर्वांत मोठी पोकळी स्त्रियांची आहे. तमाशाच्या तंबूत प्रेक्षक म्हणून त्यांना बहुधा स्थान नव्हते. फडावर पहाटे सर्वांआधी उठून भाकरी थापावयाच्या आणि रात्री गाडी भरून झाल्यावर पुन्हा चुलीपाशी बसावयाचे, असा त्यांचा दिवस. 'माहेरची साडी' (१९९१) या चित्रपटाची समीक्षकांनी रडका म्हणून यथेच्छ टवाळी केली. परंतु रडण्यासाठी हक्काचे तीन तास मिळणे, ही ज्यांच्या दृष्टीने अपूर्व गोष्ट होती, त्यांच्या बाजूने त्या चित्रपटाचे वाचन झाले नाही.

स्त्रियांची स्वतःची जनप्रिय संस्कृती श्रमाच्या बाहेर नव्हती, श्रमातच होती. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरील ओव्यांच्या प्रकल्पात माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी गायिलेल्या, बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. दळण गिरणीत गेले आणि श्रम वाचले. पण त्याबरोबर गाण्याचा वेळही गेला. वाचलेला वेळ फुरसतीत जमा झाला नाही, तो कोयत्याकडे वळला. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे नोंदवले गेले. पाळीच्या दिवसाचाही खाडा परवडू नये, हे त्यामागील कारणांपैकी एक होते. विश्रांतीच्या अभावाची याहून भीषण नोंद सापडणे कठीण.

७

पुढील टप्पा भ्रमणध्वनीचा. प्रथम मेमरी कार्डात गाणी व चित्रपट भरून देणारी दुकाने आली. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटने त्यांची गरज संपवली. उसाच्या फडातच काढलेल्या छोट्या चित्रफिती दिसू लागल्या. मोळी डोक्यावर घेतलेली माणसे प्रथमच स्वतः दृश्याची कर्ती झाली. २०२० साली टिकटॉकवर बंदी आल्यावर हा प्रवाह अन्य मंचांकडे वळला. त्याच वर्षीच्या चैत्रात टाळेबंदीमुळे टोळ्या कारखान्यांच्या परिसरात अडकल्या आणि गावोगावच्या जत्रा रद्द झाल्या. एकत्र येण्याचा एकमेव काळ हुकला, तमाशाचे फड कर्जात बुडाले आणि हातातील पडदा तेवढा उरला. चौकातील व्हिडिओपासून कानातील बोंडापर्यंतचा हा प्रवास सामूहिकतेकडून एकाकीपणाकडे झाला, हे नाकारता येत नाही. मात्र चौकात ज्यांना जागा नव्हती, त्या स्त्रीला आज स्वतःचा पडदा मिळू शकतो, हेही त्याच प्रवासाचे फळ आहे.

या सर्व माध्यमांत टिकली ती कोणती, असा प्रश्न केला तर उत्तर सौंदर्यमूल्यांत सापडत नाही. जे माध्यम टोळीबरोबर जाऊ शकले किंवा टोळीच्या परतण्याची वाट पाहू शकले, ते रुजले. म्हणून अभिरुचीचा निवाडा करण्यापूर्वी समीक्षेने वेळेची विचारपूस केली पाहिजे. कोणती कलाकृती कोणत्या ऋतूत, कोणत्या हिशेबानंतर, कोणाच्या जागरणातून पाहिली गेली, हा प्रश्न संहितेच्या बाहेरचा नाही. खाड्याच्या वहीत ज्यांची विश्रांती दंड म्हणून लिहिली गेली, त्यांच्या करमणुकीचा अर्थ त्या वहीशिवाय लागणार नाही.