बैलगाडीवरचा उपग्रह आणि पट्ट्याचे पदार्थविज्ञान

बेंगळुरूमध्ये घडवलेला एखादा उपग्रह श्रीहरिकोट्याकडे रवाना झाला की बातम्यांत त्याचा उल्लेख एका ओळीत होतो. उड्डाणाचे थेट प्रक्षेपण लाखो लोक पाहतात, पण रस्त्यावरच्या या प्रवासाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रवास म्हणजे विज्ञान संपल्यानंतरची हमाली, अशी आपली एक समजूत आहे. ती किती चुकीची आहे हे सांगण्यासाठी भारतीय अवकाश-इतिहासातील एका अतिशय परिचित छायाचित्रापासून सुरुवात करतो.

ते छायाचित्र १९८१ सालातील. मोकळ्या मैदानात एक बैलगाडी उभी आहे आणि तिच्यावर ‘ॲपल’ हा उपग्रह ठेवलेला आहे. ‘ॲपल’ हा भारताचा पहिला भूस्थिर, प्रायोगिक दळणवळण उपग्रह. बेंगळुरूच्या औद्योगिक शेडमध्ये, अपुऱ्या साधनांनिशी, अवघ्या दोनेक वर्षांत तो सिद्ध झाला. प्रकल्पाचे नेतृत्व आर. एम. वासगम यांच्याकडे होते. हे छायाचित्र आजही समाजमाध्यमांवर फिरते आणि त्याखाली बहुधा दोनच प्रकारचे शेरे असतात: एक, ‘बिचाऱ्यांकडे ट्रकसुद्धा नव्हता’; दोन, ‘पाहा, गरिबीतून आपण कुठे पोहोचलो!’ पहिल्यात कीव आहे, दुसऱ्यात अभिमान आहे. मात्र बैलगाडी ही नाइलाजाने आली, असे दोघेही गृहीत धरतात.

वस्तुस्थिती वेगळी आहे. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती. अँटेना कोणत्या दिशेला किती तीव्रतेने लहरी पाठवते आणि ग्रहण करते, याचे मोजमाप मोकळ्या जागेत करावे लागते. उपग्रह धातूच्या ट्रकवर ठेवला, तर ट्रकच्या पृष्ठभागावरून रेडिओलहरी परावर्तित होतात. सरळ आलेली लहर आणि परावर्तित लहर यांचे व्यतिकरण होते आणि मोजलेला आकृतिबंध उपग्रहाचा न राहता उपग्रह व ट्रक या जोडीचा होतो. म्हणून अचुंबकीय, शक्य तितका धातुविरहित आणि तरीही चालता-फिरता आधार हवा होता. लाकडी बैलगाडी या अटींत बसत होती. त्या मैदानावर ती प्रयोगशाळेतील उपकरणाइतकीच नेमकी निवड होती.

याच परंपरेतील दुसरे छायाचित्र त्याआधीचे, थुंबा येथील. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून ‘नाइके-अपाचे’ या अग्निबाणाचे उड्डाण झाले आणि भारताच्या अवकाश-कार्यक्रमाला प्रारंभ झाला. पुढे १९६६ मध्ये आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने तिथे सायकलच्या मागच्या कॅरियरवरून नेला जाणारा अग्निबाणाचा शंकू टिपला. या दोन छायाचित्रांकडे पाहताना वाहन कोणते होते एवढेच आपण पाहतो. माल वाहनावर टिकून कसा राहतो, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

माझ्याही मनात तो आला नव्हता. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी आमचे पोलादी निर्वात-पात्र शहराच्या एका टोकाच्या कार्यशाळेतून टेम्पोने यायचे होते. वजन सुमारे तीनशे किलो. चालकाने विचारले, “सर, आणखी एक दोर मारू का?” मी म्हणालो, “एवढं जड आहे, सरकतंय कुठं?” उड्डाणपुलाच्या उतारावर पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक लावला, आमच्या चालकानेही लावला, आणि ते पात्र वीतभर पुढे सरकून समोरच्या फळीवर आदळले. एक फ्लँज वाकला आणि आमचे काम तीन महिने लांबले. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने केलेली ही चूक दहावीच्या पुस्तकातील होती.

ती चूक अशी. ब्रेक लागला की वाहन मंदावते, पण माल जडत्वामुळे पुढे जाऊ पाहतो. त्याला थोपवण्यासाठी लागणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात असते. तळाशी मिळणारे घर्षणही वस्तुमानाच्याच प्रमाणात असते. दोन्हींची तुलना केली की वस्तुमान समीकरणातून बाहेर पडते. उरतात फक्त दोन गोष्टी: घर्षणगुणांक आणि ब्रेकची तीव्रता. घर्षणगुणांक ०.३ असेल, तर गुरुत्वत्वरणाच्या ०.३ पटीपेक्षा जोराचा ब्रेक लागताच माल सरकणारच, मग तो तीन किलोंचा असो वा तीन टनांचा. जड वस्तू ढकलायला कठीण असते, म्हणून ती जागची हलणार नाही असे आपल्या हातांना वाटते. ट्रकमध्ये मात्र ती ढकलणारे आपले हात नसतात.

घर्षणाचा हा नियम फ्रान्समध्ये गियोम आमोंताँ याने १६९९ मध्ये मांडला आणि शार्ल कुलोंब याने १७८१ च्या सुमारास त्याचा सविस्तर अभ्यास केला. विद्युतभारांच्या नियमामुळे आपण ज्याला ओळखतो, तोच हा कुलोंब. घर्षणावरचे त्याचे प्रयोग रोशफोरच्या जहाजगोदीत झाले. लाकडावर सरकणारे लाकूड, दोरांचा ताठरपणा, कप्प्या हे त्याचे विषय होते. आज प्राथमिक वाटणारे हे विज्ञान माल हलवणाऱ्यांच्या गरजेतूनच जन्माला आले.

आता पट्ट्याकडे वळू. मालावरून पट्टा टाकून रॅचेटने आवळला, की तो मालाला मागे ओढतो असे वाटते. प्रत्यक्षात वरून टाकलेला पट्टा मालाला खाली दाबतो. अभिलंब बल वाढते आणि त्यामुळे घर्षण वाढते. एक उदाहरण घेऊ. १००० किलोची पेटी, घर्षणगुणांक ०.३. युरोपीय मानकांत पुढच्या दिशेला गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट त्वरण धरतात, कारण कोरड्या रस्त्यावर टायर साधारण तेवढाच जोराचा ब्रेक पेलतो. पेटीचे स्वतःचे घर्षण ०.३ पुरवते. उरलेल्या ०.५ साठी सुमारे १६७० किलोग्रॅम-भाराइतका जादा दाब हवा. पेटीच्या वजनाहून जास्त!

इथे बहुतेकांची गल्लत होते. पट्ट्याच्या लेबलवर बांधणीक्षमता २५०० किलो असे लिहिलेले असते आणि आपण एका पट्ट्यावर निश्चिंत होतो. तो आकडा पट्टा किती ओढ सुरक्षितपणे सहन करील हे सांगतो. हाताने रॅचेट आवळून पट्ट्यात प्रत्यक्ष येणारा ताण लेबलवर वेगळा नोंदलेला असतो आणि तो ३०० किलोच्या आसपास असू शकतो. वरून टाकलेल्या पट्ट्यासाठी हाच आकडा महत्त्वाचा.

शिवाय हा ताण दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही. पट्टा पेटीच्या दोन कोपऱ्यांवरून वळतो आणि प्रत्येक कोपऱ्यावर घर्षण ताणाचा काही भाग खाते. अठराव्या शतकात ऑयलरने दोर आणि खुंटाबाबत मांडलेले घातांकी सूत्र इथे लागू पडते. एकूण वळण १८० अंश आणि घर्षणगुणांक ०.३ असेल, तर रॅचेटच्या बाजूचा ३०० किलोचा ताण पलीकडच्या बाजूला सुमारे ११७ किलो उरतो. दोन्ही बाजू मिळून ४१७. म्हणजे आपल्या पेटीला चार पट्टे हवेत, आणि सुरक्षिततेची मर्यादा धरली तर पाच. पट्टा तिरका असेल तर आणखी, कारण क्षितिजाशी ३० अंशांचा कोन असताना खाली दाबणारा घटक निम्माच उरतो.

आता पेटीखाली रबराची चटई घाला. घर्षणगुणांक ०.६ होतो. लागणारा जादा दाब १६७० वरून ३३० वर येतो, म्हणजे पाच पटींनी कमी! एका स्वस्त चटईने चार पट्ट्यांचे काम केले. तरीही पट्टे किमान दोन हवेतच, कारण एका पट्ट्याभोवती माल फिरू शकतो. माल पुढच्या फळीला टेकवून ठेवला, तर पट्ट्यांवरचा भार आणखी हलका होतो.

बाकीचे नियम याच गणिताची लेकरे आहेत. पट्ट्याला गाठ मारू नये, पीळ पडू देऊ नये. तिथे ताण एका जागी एकवटतो. धारदार कडेवर कोपरा-रक्षक घालावा. त्याने पट्टा चिरत नाही आणि ताणही पलीकडे नीट पोहोचतो. रॅचेटच्या दांड्यावर दीड ते तीन वेढे असावेत. कमी असतील तर पट्टा निसटतो, जास्त असतील तर रॅचेट नीट आवळत नाही. चिरलेला, उन्हाने विटून कडक झालेला किंवा लेबल गेलेला पट्टा वापरातून काढावा. आणि काही किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळावे, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि ताण उतरतो. माझ्या आजोळी सांगली जिल्ह्यात उसाची गाडी नेणारा गाडीवान शिवेबाहेर पडल्यावर उतरून नाडा पुन्हा आवळत असे. त्याने कुलोंब वाचला नव्हता, पण मी वाचूनही त्याच्या मागेच होतो.

‘ॲपल’चा पुढचा प्रवासही याच प्रश्नाने व्यापलेला होता. १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून ‘आरियान’च्या तिसऱ्या चाचणी-उड्डाणात तो निघाला. ६७० किलोचा हा उपग्रह स्वतः माल होता आणि वाहकही होता, कारण त्याच्या वर ‘मेटिओसॅट’ हा युरोपीय हवामान-उपग्रह बसवलेला होता. अग्निबाणाच्या प्रवासात सतत त्वरण आणि कंपने असतात, आणि थांबून पट्टा आवळण्याची सोय नसते. म्हणून अनेक अग्निबाणांत उपग्रह धरून ठेवण्यासाठी ताणलेला धातूचा पट्टा वापरतात. त्याला क्लॅम्प-बँड म्हणतात. त्याचा पूर्वज ‘मार्मन क्लॅम्प’. तो मार्क्स बंधू या विनोदी नटांपैकी झेप्पो मार्क्स यांच्या कंपनीने बाजारात आणला.

अवकाशात एक जादा अट असते: जे घट्ट बांधले ते ठरल्या क्षणी सुटलेही पाहिजे. ‘ॲपल’चे सौर पंख प्रवासात मिटलेले होते, कक्षेत त्यांपैकी एक उघडलाच नाही. तरीही अभियंत्यांनी उपलब्ध विजेत काम भागवले आणि १९ सप्टेंबर १९८३ पर्यंत उपग्रह चालवला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी आयआरएनएसएस-१एच या उपग्रहाभोवतीचे उष्णताकवच वेगळे झाले नाही आणि ती मोहीम वाया गेली. उलट ‘निसार’चे पाहा. मार्च २०२३ मध्ये त्याची रडार-यंत्रणा अमेरिकेहून सी-१७ विमानाने बेंगळुरूला आली, ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून उपग्रहाचे उड्डाण झाले, आणि विमान, रस्ता, अग्निबाण या साऱ्यांतून मिटून आलेला १२ मीटर व्यासाचा परावर्तक १५ ऑगस्टला अवकाशात पूर्ण उमलला.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांना कधी ना कधी एखादे उपकरण हलवावे लागेल. त्या दिवशी वहीत वजन, घर्षणगुणांक, पट्ट्यांची संख्या आणि कोन लिहा, लेबल वाचा, पहिल्या थांब्यावर उतरून पट्टा तपासा. आणि चालकाने आणखी एक दोर मारू का असे विचारले, तर हो म्हणा.