कैलासाच्या वाटेवरील परवाना

कुलदैवत गोमंतकात आणि संसार बेळगावात वा कारवारात, अशी आमच्या वाचकांत कितीतरी घराणी आहेत. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्या घरामधून देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर परराज्याची सीमा आडवी होती, आणि १९५५ नंतर ती ओलांडणे अतिशय दुष्कर झाले होते. देवाच्या दारी जाण्यापूर्वी सरकारच्या नाक्यावर तिष्ठणे म्हणजे काय, हे या मंडळींस निराळे सांगावयास नको. म्हणूनच कैलास-मानससरोवराच्या यात्रेचा, किंबहुना त्या यात्रेस लागणाऱ्या कागदांचा, इतिहास येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कैलास हे आपल्या श्रद्धेने शिवाचे निजस्थान. भूगोलाने ते तिबेटात आहे. शतकानुशतके यात्रेकरू हिमालयाच्या खिंडी चढून पलीकडे उतरत, ते पारपत्र खिशात घालून नव्हे. त्यांना भय होते ते थंडीचे, वाटमाऱ्यांचे आणि शिधा संपण्याचे. स्वामी प्रणवानंद यांनी या क्षेत्रावर लिहिलेला ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मार्गांची, मुक्कामांची व अंतरांची बारकाईने नोंद आहे. त्या पिढीच्या यात्रेकरूस खरी गरज होती ती अशाच माहितीची.

पुढे तिबेटावर चीनची सत्ता बसली, आणि २९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंग येथे भारत व चीन यांच्यात तिबेटशी व्यापार व दळणवळण यांविषयीचा करार झाला. याच कराराच्या प्रस्तावनेत 'पंचशील' आले. प्रस्तावना सर्वांच्या मुखी झाली. कलमे मात्र फारशी कोणी वाचली नाहीत. आम्हांस ती कलमेच अधिक मोलाची वाटतात. तिसऱ्या कलमाप्रमाणे भारतातील हिंदू, बौद्ध व लामापंथी यात्रेकरूंनी कैलास व मानससरोवर येथे 'परिपाठाप्रमाणे' जावे, आणि तिबेटातील बौद्ध व लामापंथी यात्रेकरूंनी काशी, सारनाथ, गया व सांची येथे त्याच रीतीने यावे, असे ठरले. आमच्या इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना जवळचे असलेले सांची अशा प्रकारे कैलासाच्या जोडीला एकाच करारात बसले आहे! चौथ्या कलमात शिपकी, माना, नीती, कुंगरी-बिंगरी, दारमा आणि लिपुलेख या सहा खिंडी नावानिशी दिल्या आहेत.

पाचवे कलम पारपत्रांचे. राजनैतिक अधिकारी, सरकारी नोकर व सामान्य नागरिक यांनी आपल्या देशाचे पारपत्र आणि दुसऱ्या देशाचा व्हिसा बाळगावा. व्यापाऱ्याने व्यापाराचा दाखला दाखवावा. हमाल व खेचरवाले यांनीसुद्धा मुदतीचा दाखला जवळ ठेवावा. यात्रेकरूस मात्र कोणतेही प्रमाणपत्र बाळगण्याची आवश्यकता नाही. त्याने पलीकडच्या नाक्यावर नाव नोंदवावे आणि यात्रेचा परवाना घ्यावा, एवढेच. दोन मोठ्या राष्ट्रांनी हिंदी, चिनी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत हे लिहून दिले. खेचर हाकणाऱ्यापेक्षाही यात्रेकरूवर कागदाचा भार कमी असावा, ही गोष्ट आज अद्भुत वाटते.

परंतु त्याच कलमात आणखी एक वाक्य होते: वरील काहीही असले तरी कोणाही विशिष्ट व्यक्तीस प्रवेश नाकारण्याचा अधिकार प्रत्येक सरकारला राहील. नाक्यावर नोंद करावयाची म्हणजे नोंद करणारा आला, आणि नोंद करणाऱ्याच्या हाती नकारही आला. १९५९ पासून भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकांत भारतीय व्यापारी व यात्रेकरू यांना होणाऱ्या त्रासाच्या तक्रारी आढळतात. कराराची मुदत आठ वर्षांची होती. जून १९६२ मध्ये ती संपली, आणि करार नवा झाला नाही. त्याच वर्षी युद्ध झाले व वाट बंद पडली.

ती उघडली १९८१ साली, चीनचे परराष्ट्रमंत्री हुआंग हुआ दिल्लीस येऊन गेल्यानंतर. सहा खिंडींपैकी यात्रेस मिळाली एक, सुमारे १७,००० फूट उंचीची लिपुलेख. तुकड्या परराष्ट्र मंत्रालयाने निवडावयाच्या, आणि पारपत्र व व्हिसा हाती असल्यावाचून कोणी पाऊल टाकावयाचे नाही, अशी नवी रीत पडली. 'परिपाठ' हा शब्द कागदावरून गेला. २०१५ साली सिक्कीममधील नाथु लाचा मोटारीचा मार्ग मिळाला आणि वृद्धांची सोय झाली. पण जून २०१७ मध्ये डोकलामचा तंटा उपस्थित झाला, आणि नाथु लाशी पोहोचलेल्या यात्रेकरूंना चीनने पुढे जाऊ दिले नाही. त्यांची सर्व कागदपत्रे यथास्थित होती.

नेपाळमार्गे जाणाऱ्यांची अडचण निराळी. त्यांना सामूहिक व्हिसा मिळतो. एकाच कागदावर सर्वांची नावे. जाताना सर्वांनी एकत्र जावे, येताना एकत्र यावे. विरळ हवेने एखाद्याचा श्वास कोंडला आणि त्याला तातडीने खाली आणावे लागले, तर ते नाव यादीतून वेगळे करून घेण्याची खटपट आधी करावी लागते. आजारी माणसाच्या सोबतीला परतणाऱ्या पत्नीचे नावही अर्थातच त्याच यादीत असते. घरचे कोणी या मार्गाने निघत असेल, तर याची चौकशी काठमांडू सोडण्यापूर्वीच करून ठेवावी.

२०२० साली साथीमुळे ही यात्रा पुन्हा थांबली, आणि साथ ओसरल्यावरही सीमेवरील तणावामुळे थांबलेलीच राहिली. २०२५ च्या उन्हाळ्यात ती पुनश्च सुरू झाली. लिपुलेखने ५ व नाथु लाने १०, अशा प्रत्येकी ५० जणांच्या तुकड्या ठरल्या, म्हणजे एकंदर ७५० जागा, निवड सोडतीने. पारपत्राची मुदत त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला निदान सहा महिने उरलेली असावी, असा मंत्रालयाचा नियम आहे. ज्या वाचकांच्या मनात जाण्याचे असेल, त्यांनी कपाटातील पारपत्र आजच काढून तारीख पाहून घ्यावी.